गलासाच्या कडेचं मीठ

माणिकप्पांनी लिंबाची फोड काचेच्या गलासाच्या कडेवरून गोल फिरवली, गलास बशीतल्या मिठात पालथा घातला आणि हलकेच उचलून उजेडाकडे धरला. निम्म्या कडेला मीठ चिकटलं होतं, निम्मी कोरडीच राहिली होती.

"मालक, मीठ सरबतात टाकायचं सोडून गलासाला कशाला चोपडायलाव?" तंदूरपाशी उभ्या बंडप्पानं विचारलं.

"तुला न्हाय कळायचं. मार्गारिटा हाय ही."

"कोण?"

"मेक्सिकोचं सरबत हाय. परदेशी."

"मग आपल्या सरबताला काय रोग आलाय?"

"तू रोट्या लाव."

बंडप्पा पंधरा वर्षं त्या तंदूरवर होता, त्यामुळं बाकीच्यांनी मनातच ठेवायचे प्रश्न तो मोठ्यानं विचारायचा. ढाबा नळदुर्गच्या अलीकडं, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून. दारावर लाल अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी', गल्ल्याच्या वर बसवेश्वरांची तसबीर, तसबिरीला रोज ताजं फूल. दारूचं तर नाव काढायची सोय नव्हती. केबिनमध्ये बाटली उघडणाऱ्या ड्रायव्हरला माणिकप्पा हात जोडून म्हणत, "दादा, गाडी त्या लिंबाच्या पलीकडं लावा, आमच्या हद्दीत नको." आणि त्याच ढाब्याच्या फळ्यावर ताक, लस्सी आणि लिंबू सरबताच्या खाली कालच पेंटरनं हिरव्या ऑइलपेंटमध्ये नवं नाव रंगवलं होतं: मार्गारिटा.

हे नाव कुठून आलं ते माणिकप्पांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आलं होतं फोनमधून.

दर रविवारी दुपारी गर्दी ओसरली की माणिकप्पा गल्ल्याखाली फोन धरून शिवांजलीचं स्टेटस उघडत. शिवांजली त्यांची एकुलती एक लेक. हैदराबादला नोकरीला गेली आणि तिथंच भूमकडच्या कृष्णराजशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. मुलगा मराठ्याचा, घरात मटण शिजणारा. तिचा फोन आला तेव्हा माणिकप्पा एवढंच बोलले, "तुझं ताट तू वाढून घेतलंस, आता तूच जेव." त्यानंतर दोन वर्षं बोलणं नाही. सासरी भूमला जाताना तिची गाडी ह्याच रस्त्यानं, ढाब्याच्या पुढूनच जाते, पण थांबत नाही. थांबेल कशी? बापाचा स्वभाव तिला ठाऊक होता.

पण रविवारचं स्टेटस मात्र चुकत नव्हतं. हैदराबादेत जिथं जिथं म्हणून मेक्सिकन जेवण मिळतं, तिथं ही पोरगी जाऊन बसत होती आणि ताटाचा फोटो टाकून खाली निकाल लिहीत होती. 'जुबिली हिल्स. टाको. मक्याची पोळी कालची, आज फक्त गरम केलेली. राजमा बरा. दहापैकी चार.' 'गच्चीबावली. मार्गारिटा. मीठ निम्म्याच कडेला. उरलेलं निम्मं कुणी चाटलं? तीन.' 'कोंडापूर. नाचोज मऊ पडलेले. मालक स्वतः इथलं जेवत नाही, डबा आणतो. दोन.'

डब्याचं ते वाचून माणिकप्पा गल्ल्यावर बसल्या बसल्या हसले होते. ही तपासणी त्यांचीच. ढाबा टाकायच्या आधी दहा वर्षांच्या शिवाला स्कूटरवर पुढं उभी करून ते उमरग्यापर्यंतच्या एकूण एक ढाब्यावर जेवले होते. आधी पाणी पिऊन बघायचं, मग कांदा, मग साधं वरण, आणि निघताना हळूच विचारायचं, मालक कुठं जेवतात? पोरीनं ते सगळं जसंच्या तसं ध्यानात ठेवलं होतं. त्यांना लेकीचं कौतुक वाटे, आणि कौतुक वाटलं म्हणून लगेच स्वतःचाच राग येई. आपण बघितल्याचं तिकडं कळू नये, म्हणून पुतण्याकडून त्यांनी फोनमधली ती निळी खूण केव्हाच बंद करून घेतली होती. कारण मात्र वेगळंच सांगितलं होतं, "किराणावाले लई छळतात रे."

त्या रविवारी दुपारी बारा-साडेबाराला एक गाडी थांबली. नवं जोडपं होतं, पुण्याहून हैदराबादला निघालेलं. बाईनं फळा वाचला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"काका, मार्गारिटा खरंच मिळते इथं?"

"मिळते की. बसा."

माणिकप्पांनी स्वतःच्या हातानं दोन गलास केले. ह्या वेळेला मीठ अख्ख्या कडेला नीट बसलं होतं. ते बाजूला उभे राहिले. पहिलंच गिऱ्हाईक, त्यामुळं जीव थोडा वरखाली होत होता.

"छान झालंय हो," बाई म्हणाली. "पण काका, ह्यात टकीला कुठंय?"

"ते काय असतं?"

"दारू असते ती. मार्गारिटा म्हणजे... दारूचंच पेय ना ते."

ती काही टिंगलीनं बोलली नव्हती, बिचारी हळूच बोलली होती. पण ढाब्यावर हळू बोललेलंच सगळ्यांना ऐकू जातं. पलीकडच्या बाजेवरचा एक ड्रायव्हर ओरडला, "आता लपवताव कशाला मालक, आणा की आतली!" बाजांवर हशा पिकला. माणिकप्पांनी आधी तसबिरीकडं बघितलं, मग ओला फडका घेऊन फळा घासायला लागले. ऑइलपेंट ते, फडक्यानं थोडंच निघतंय! शेवटी बंडप्पानं मैद्याचं रिकामं पोतं आणून फळ्यावर बांधलं, आणि त्या दिवशी ताक-लस्सीही पोत्याआड गेली.

"जाऊ द्या मालक. नावात काय दारू असती व्हय?" बंडप्पा म्हणाला.

माणिकप्पा जेवले नाहीत. चार वाजताच गल्ला बंडप्पाच्या हवाली करून घरी निघाले. एवढ्या वर्षांत असं फक्त त्यांच्या आईच्या मयतीला झालं होतं.

जगदेवी ओसरीत शेंगदाणे निवडत बसली होती. नवऱ्याला अवेळी बघून ती उठायला लागली.

"बस. तुझी लेक दारू पितीय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे कुणी? दोन वर्षं झाली, दर ऐतवारी स्टेटसवर ठेवतीय! गलासाचा फोटो, वर त्याला गुण! मला आडाण्याला वाटलं सरबत हाय. सगळी सोयरीधायरी बघत असतील. आपल्या तोंडाला काळं लागलं आणि आपल्यालाच पत्ता न्हाय!"

जगदेवीनं सूप खाली ठेवलं. तिनं दारूचं काहीच विचारलं नाही.

"तुम्ही तिचं स्टेटस बघताव?"

माणिकप्पा दाराच्या चौकटीकडं बघायला लागले. चौकटीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"कवातरी दिसतं," ते म्हणाले.

"मला कसं न्हाय दिसत मग? रोज दुपारी बोलतीय माझ्यासंगं." हे रोजचं बोलणं घरात चोरून चालायचं. जगदेवी फोन घेऊन परसात जायची, आणि माणिकप्पा परसात जायचं झालं तर आधी चांगलं दोनदा खाकरायचे. "मीच म्हणते तिला, ठेव की गं एखादा फोटू, आमालाबी कळू दे कशी ऱ्हातीस. तर म्हणती, मला आवडत न्हाय अव्वा ते."

"आवडत न्हाय? हे बघ!" माणिकप्पांनी फोन पुढं केला. आजचं स्टेटस येऊन पडलं होतं. ते अजून त्यांनीही बघितलं नव्हतं. ताटात गुंडाळी केलेली मोठी पोळी, कापून दोन तुकडे केलेली. खाली ओळी: 'माधापूर. बरिटो. भात कच्चा. मालक चांगला माणूस, पण हात नाही. तीन.'

जगदेवीनं आपला फोन आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तिच्या फोनवर बहिणीच्या नातवाचा वाढदिवस होता, आकाशकंदिलासारखी सजवलेली कुणाची तरी सत्यनारायणाची पूजा होती. शिवांजली नव्हती.

"तुझा फोन बिघडलाय."

"थांबा."

तिनं तुळजापूरला नणंदेला फोन लावला. उमादेवी म्हणजे भावकीचं वर्तमानपत्र. "शिवाचं स्टेटस?" पलीकडून आवाज आला. "तिचं कधी एकबी न्हाय दिसलं बाई. का गं वहिनी? काय ठेवलंय? काय झालं? सांग की!"

"काय न्हाय," म्हणून जगदेवीनं फोन ठेवला. उमादेवीला एक जरी फोटो दिसला असता, तर संध्याकाळच्या आरतीच्या आत सगळ्या तुळजापुरात त्याची चर्चा झाली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जगदेवीनं दोन्ही फोन पुन्हा एकदा निरखून बघितले.

"तसं करता येतं," जगदेवी मग म्हणाली. "उमादेवी तिचं ड्रेसवरलं फोटू सासूला दिसू देत न्हाय. कुणाला दाखवायचं ते आपण निवडायचं असतं. दहा जणाला दाखवा न्हायतर एकाला."

माणिकप्पा खाली बसले. दोन वर्षांचे रविवार. पावसाळ्यात कधी गुडघाभर पाण्यातून गेली होती, तसं लिहिलं होतं तिनं. एकदा ताप होता, तरी गेली होती. हे सगळं एका माणसासाठी, आणि तो बघतो की नाही हेही तिला कळायची सोय नव्हती. ती सोय त्यांनीच बंद करून टाकली होती. एवढा हट्ट पोरीत कुठून आला, असं मनात यायच्या आत त्याचं उत्तरही समोर आलं, आणि ते आणखीनच खाली बघायला लागले.

"लावा की," जगदेवी म्हणाली.

"काय बोलू?"

"मला काय ठावं? मी दोन वर्षं रोज बोलते. तुमचं तुम्ही बघा."

माणिकप्पांनी नंबर शोधला. 'शिवा' म्हणून होता तसाच होता. रिंग दोनदा वाजली.

"अप्पा?" आवाज घाबरलेला. "अप्पा, अव्वा बरी आहे ना?"

"बरी हाय. हितंच बसलीय."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?"

जगदेवीनं हात पुढं करून स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडं कुठंतरी नळ वाहत होता. तो बंद झाला.

"आजचा भात कच्चा व्हता म्हणं," माणिकप्पा म्हणाले.

 पलीकडं शिवांजलीनं नाक ओढलं.

"बघता तुम्ही?"

"बघतो."

"सगळी?"

"एक बुडालं. गेल्या साली. वादळानं टावर पडला व्हता."

ती रडायला लागली. माणिकप्पांनी तिला रडू दिलं. मग ते उगाच दोनदा खाकरले.

"ती मार्गारिटा," ते शेवटी म्हणाले, "दारू असती म्हणं."

"व्हय अप्पा."

"तू पितीस?"

"एखादी. तुम्हाला खोटं कसं लिहू?" ती थांबली. "अव्वाला सांगू नका."

"ऐकलंय अव्वानं," जगदेवी म्हणाली. "तिला सांगा, आल्यावर बघते तिच्याकडं."

पलीकडं रडता रडताच हसू फुटलं. माणिकप्पांच्याही मिशीत आलं, ते त्यांनी आवरलं.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "आजवर तू एकालाबी पाचाच्या वर गुण दिलं न्हाईस. एवढं वाईट असतं तर जातीस कशाला दर ऐतवारी?"

"मला नाहीच आवडत ते जेवण. ह्यांना तर अजिबात नाही. घरी आल्यावर परत वरणभात लावावा लागतो."

"मग?"

"डाळ, रोटी, शेवभाजी, इडली, सगळं तुम्हाला येतं, अप्पा. त्यातलं काही ठेवलं असतं तर तुम्ही बघून गप्प बसला असता. म्हणून तुम्हाला ठाऊक नसलेलं एक शोधून काढलं." तिचा आवाज परत बारीक झाला. "वाटलं, कधीतरी फोन कराल. विचाराल, हे काय असतं म्हणून."

जगदेवीनं पदर डोळ्यांना लावला. माणिकप्पांनी फोन जवळ ओढला. टाकोची पोळी मक्याची असते, बरिटोची मैद्याची, साल्सात टोमॅटो कच्चा की भाजलेला यावरून हॉटेलाची पत कळते, हे सगळं एव्हाना त्यांना तोंडपाठ झालं होतं. ते भिंतीला टेकले आणि पाय लांब केले.

"शिवा," त्यांनी विचारलं, "टाको म्हंजी काय असतं गं?"