नको म्हणण्याचं खरं कारण

कवळ्या करणाऱ्या बाईंनी आलेली नोकरी नाकारली, हे ऐकून त्यांच्या भावाने फोनच्या पलीकडे कपाळाला हात लावला असणार. "पन्नाशी उलटल्यावर कोण देतं गं नोकरी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" एवढं बोलून, मुलीला क्लासला सोडायचंय म्हणून त्याने फोन ठेवला. आठवड्यातून एकदा यायचा त्याचा फोन, तोही असा रागात गेला.

डोकं अगदी ठिकाणावर होतं. बावीस वर्षं बाई दातांच्या एका डॉक्टरांच्या मागच्या खोलीत कवळ्या करत होत्या. त्या आणि एक पॉलिशवाली, दोघीच. मेणात दात बसवून झाले की कवळी शेजारणीच्या हातात द्यायची, हा तिथला रिवाज. आपली चूक आपल्याला दिसत नाही हो. पुढचे दोन दात जरासे कलले, तरी माणूस कायमचं वाकडं हसतं. पॉलिशवाली कवळी उजेडात धरायची आणि म्हणायची, "ही बाई सुनेला घालूनपाडून बोलत असणार बघ." हसून हसून पुरेवाट व्हायची, आणि चूकही सापडायची. पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, पॉलिशवाली लेकीकडे परगावी राहायला गेली. आई गेल्यापासून घरात बाई आणि रेडिओ, आणि रेडिओ काही तुमचं ऐकून घेत नाही.

नव्या ठिकाणी एक दिवस काम करून दाखवायला बोलावलं होतं. पस्तीस टेबलं, सगळं चकाचक, प्रत्येकाला वेगळा दिवा. बाईंनी जीव ओतून मेणात एका कवळीचे दात बसवले आणि सवयीने ती शेजारच्या माणसापुढे धरली. त्याने कवळीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हात तसाच अधांतरी राहिला. बोटांच्या उबेने मेण मऊ पडायला लागलं, तेव्हा कुठे त्यांनी तो मागे घेतला. डबा खातानाही आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. संध्याकाळपर्यंत कोणी अवाक्षर बोललं नाही. दोन दिवसांनी निवड झाल्याचं कळलं आणि बाईंनी नको म्हणून टाकलं. एकटं बसायला घर होतं की, त्यासाठी रोज बस कशाला पकडायची?

मग कारण विचारणारा एक फॉर्म आला. 'मोकळेपणाने लिहा' असं वर छापलेलं. बाईंनी लिहिलं, अंतर फार पडतं. असल्या फॉर्मात खरं कोण लिहितं?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला भरतीचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. आवाज कोवळा, पण पोरगी चिवट. "मॅडम, तुमच्या घरापासून आम्ही चार थांब्यांवर आहोत. खरं कारण सांगाल का? मला राग नाही येणार."

गेल्या कित्येक महिन्यांत बाईंना कोणी असं काही विचारलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. कवळी, तो हात, त्या रिकाम्या खुर्च्या. "इतकं वाईट वाटलं मला. मी काय कोणाचं घोडं मारलं होतं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम, तुमचा अर्ज माझ्यासमोर आहे. तुम्ही लिहिलंय, काम करताना मला कोणी मध्ये बोललेलं खपत नाही. म्हणून मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तुमच्या शेजारचे तर नंतर माझ्याशी भांडले. म्हणाले, बाई मला कवळी दाखवत होत्या आणि मला दगडासारखं बसावं लागलं."

ते वाक्य भावाने सांगितलेलं. बोलघेवडी बाई कोणालाच नको असते ताई, लिही की कामात कोणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. आणि बाईंनी शहाण्यासारखं लिहिलं होतं.

"मग आता..." त्यांनी चाचरत विचारलं.

"कालच दुसऱ्या एकांनी होकार दिला हो."

"असू दे," बाई म्हणाल्या. संपलंच होतं सगळं, फोन ठेवायला हरकत नव्हती. पण त्यांच्याच्याने ठेववेना. "आणखी एक लिहून घे. तुमचे दिवे उजवीकडे आहेत, हाताची सावली कामावर पडते."

"हो, घेते."

"खुर्च्या उंच आहेत. बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात. आणि हात धुवायची जागा लांब." खुर्च्या खरं तर झकास होत्या. मग पंखा, मग दाराचा आवाज, जे सुचेल ते. सुरुवातीला पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. तो थांबल्याचं बाईंच्या लक्षात आलं. मुलगी नुसतीच ऐकत होती.

"आणखी काही, मॅडम?" तिने हळूच विचारलं.

"आणखी काही नाही गं," बाई म्हणाल्या. "पण लगेच ठेवू नकोस."

"नाही ठेवत." तेवढ्यात तिला मागून कोणीतरी हाक मारली. "एकच मिनिट हं," ती म्हणाली, आणि फोनवर वाट बघायला लावणारी धून सुरू झाली.

धून तीनदा संपून पुन्हा पहिल्यापासून वाजली, तरी बाईंनी फोन कानावरून काढला नाही.