लसणाचा फोटो

वस्तादांची अट साधी होती, आणि साध्या अटीच माणसाचा जीव घेतात. "येऊ दे त्याला घरी," ते मुलीला म्हणाले होते, "पण हात हलवत नको. पावशेर लसूण घेऊन यायचं. स्वतः निवडून. लग्नाचं मग बोलू."

वस्ताद एका कारखान्याच्या खानावळीत मुख्य आचारी होते. उभा जन्म शेगडीपुढे गेल्यामुळे माणसांपेक्षा भाज्यांवर त्यांचा विश्वास जास्त. ज्याला लसूण निवडता येत नाही त्याला काहीच निवडता येत नाही, असं त्यांचं मत होतं. येणाऱ्या मुलाने त्यांचीच मुलगी निवडली आहे, ते या मतात कुठे बसतं, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

याआधी एक विमा एजंट येऊन गेला होता. त्याने कोंब फुटलेला लसूण आणला आणि वर "हा कोंब नाहीच" असं ठासून सांगितलं. त्याला चहा मिळाला. दुसऱ्यांदा बोलावणं मिळालं नाही.

आता पाळी एक्सरेवाल्याची होती. ही सगळी माहिती त्याला होती, कारण तो ज्या दवाखान्यात एक्सरे काढायचा तिथेच वस्तादांची मुलगी औषधांच्या खिडकीवर बसायची. गोळ्यांची पाकिटं कापता कापता तिनेच त्याला सांगितलं होतं.

"एवढा काय घाबरतोस? गड्डा हातात घ्यायचा. दिसतो त्यापेक्षा जड लागला पाहिजे. दाबून बघायचा, घट्ट पाहिजे. साल कोरडी हवी. काळी भुकटी दिसली की गुपचूप खाली ठेवायचा."

"आणि कोंब?"

"शेंड्याशी हिरवं दिसतं."

"आतल्या आत असला तर?"

"आतलं कोणाला दिसतंय!" ती म्हणाली, आणि हे आपण कोणाला म्हणतोय ते तिच्या लक्षात आलं नाही.

वस्तादांकडे जायला अजून पंधरवडा होता. एक्सरेवाला त्याच संध्याकाळी बाजारात गेला. उद्याच्या गाडीसाठी आज स्टेशनावर जाऊन बसणाऱ्यांतला तो.

भाजीवालीपुढे लसणाचा ढीग होता. त्याने एक गड्डा उचलला, तळहातावर तोलला, दाबला, कानाजवळ नेला. कानाजवळ का नेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"मावशी, हा दिसतो त्यापेक्षा जड आहे का हो?"

"तुम्हाला दिसतो केवढा?"

तो विचारात पडला. खरंच, केवढा दिसतो? मागे दोन बायका ताटकळत उभ्या होत्या. त्याने दुसरा उचलला, मग तिसरा, मग पुन्हा पहिला; पण पहिला कुठला होता हे आता फक्त लसणालाच ठाऊक होतं.

"दादा, विकत घ्यायचाय की दत्तक?" भाजीवाली म्हणाली.

त्याची कानशिलं तापली. तो सरळ दोन किलो घेऊन घरी आला आणि रात्रभर तळमळत राहिला. बाहेरून गुळगुळीत आणि आतून मोडलेली हाडं त्याने आयुष्यभर पाहिली होती. बाहेरच्या सालीवर विश्वास ठेवणं त्याच्या धंद्यातच बसत नव्हतं.

सकाळी दवाखाना उघडण्याआधी त्याने एक्सरे मशीनखाली लसणाचे फोटो काढले. गड्डे ओळीने मांडले, उजवीकडच्याशेजारी नियमाप्रमाणे उजवी बाजू दाखवणारं 'आर' हे अक्षर ठेवलं, आणि सवयीने म्हणाला, "श्वास रोखून धरा."

फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून तो एकेक पाकळी न्याहाळत होता, तेवढ्यात हाडांचे डॉक्टर आत आले. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही टाच कोणाची?"

"सर..."

"चुरा झालाय. याला अजिबात चालू देऊ नका."

"सर, तो लसूण आहे."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मग चालू देऊ नका हे बरोबरच आहे." आणि मान तिरकी करून म्हणाले, "हा खालचा घेऊ नका. आत काहीतरी वाढतंय."

नापास गड्डे आईच्या स्वयंपाकघरात गेले. पास झालेले घरी नेले असते तर तेही फोडणीला गेले असते. म्हणून त्याने ते मशीनच्या खोलीतच ठेवले. तिथे एसी रात्रंदिवस चालायचा. लाखमोलाच्या मशीनला मानवणारी हवा लसणाला का मानवू नये? रोजच्या किरणांचा त्रास नको म्हणून त्याने त्यांच्यावर शिशाचा ॲप्रनही पांघरला.

पंधरवड्याने तो वस्तादांच्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसला होता. वस्तादांनी गड्डा उचलला, तोलला, दाबला. "हं," ते म्हणाले. एक्सरेवाल्याच्या जिवात जीव आला. मग त्यांनी सुरी घेतली आणि गड्डा उभा चिरला.

आत हिरवागार कोंब होता.

एक्सरेवाल्याने पिशवीतून फिल्म काढली. "हे बघा. हाच. 'आर'वाला."

वस्तादांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मुलगीही वाकून बघू लागली.

"तू लसणाचा फोटो काढलास?" ती म्हणाली.

"तेव्हा कोंब नव्हता," तो म्हणाला.

"मग ठेवलास कुठे?" वस्तादांनी विचारलं.

टोपलीत, असं म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेलीही. "एसीत," तो म्हणाला.

मुलीने कपाळाला हात लावला.

"एसीत!" पोरगं कोणी पावसात विसरावं तशा आवाजात वस्ताद म्हणाले. "अरे, गारठा लागला की त्याला वाटतं लावणीची थंडी आली, आता उगवायचं! मोकळ्या हवेत ठेवतात लसूण." त्यांनी चिरलेला अर्धा गड्डा त्याच्या नाकापुढे धरला. "आता सांग. हा कोंब आहे की नाही?"

एक्सरेवाल्याचं तोंड सवयीने चाललं. "आहे. साधारण सेंटिमीटरभर. मध्यभागी, किंचित डावीकडे. बाकीच्या गड्ड्यांचीही मला खात्री देता येणार नाही."

मुलीने सुरीच्या टोकाने कोंब उचकटून टाकला आणि पाकळ्या वाटीत सारल्या. "संपलं. एवढंच असतं."

वस्ताद दाढी खाजवत बसले. "निवडता येतं याला," ते शेवटी म्हणाले. "सांभाळता येत नाही."

"बाबा, मी लसूण नाहीये."

वस्तादांनी तिच्याकडे नीट बघितलं. ही बाजू त्यांच्या ध्यानातच आली नव्हती, असं तोंडावर दिसलं.

"खोटं तरी बोलला नाही," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "रविवारी आईवडिलांना घेऊन ये. तारखेचं बोलून टाकू."

एक्सरेवाला इतका गडबडला की उठताना खुर्चीला नमस्कार करून बसला. "येताना काही आणू का?"

"नको!" बापलेक एकदम ओरडले.

तो जिना उतरू लागला. लग्न ठरलं होतं. निदान ठरल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या जिन्यात त्याचे पाय थांबले. नको म्हणजे खरंच नको, की आणतो का ते बघायचंय?

तो परत वर गेला आणि त्याने बेल दाबली.