आरशातली पाटी

चित्रकार कधी जन्मला ते कुणाला ठाऊक नाही. कुठे मेला तेही नाही. बायको होती का, पोरं होती का, पोट कशावर भरायचा, सगळा अंधार. उरली ती मूठभर चित्रं. आपल्याकडचे बाजार, आपल्याकडची उन्हात पेंगणारी माणसं, सगळं तिकडच्या साहेबांच्या दिवाणखान्यांसाठी रंगवलेलं. असल्या माणसाच्या मागे आपल्या नवऱ्याने हात धुऊन लागावं, हे कंपोझिटरच्या बायकोला कधी पटलं नाही.

"स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर डोकं खाजवता, आणि या परक्याची मेली सात पिढ्यांची चौकशी!"

"अगं, एकच पुस्तक. माझ्या नावाचं. जन्मभर दुसऱ्यांची नावं जुळवली."

ते खरंच होतं. छापखान्यात शिशाचे खिळे वेचून उलट्या अक्षरांच्या ओळी लावायच्या, म्हणजे कागदावर त्या सुलट उमटतात. मंत्री, कवी, बिनडोक प्राध्यापक, सगळ्यांची नावं याच बोटांतून गेली. छापखाना बंद पडला तेव्हा खिळे भंगारात गेले आणि हा घरी आला.

मग संग्रहालयात त्याने ते चित्र पाहिलं. चौक, कोपऱ्यावर माडीचं घर, खाली न्हाव्याचं दुकान, दारात डाव्या हाताने वस्तरा चालवणारा न्हावी. दुकानाच्या पाटीवर पुसट फराटे. साहेबाने हवे तसे ओढले असतील, असं शिकलेले लोक लिहीत आले होते. कंपोझिटरने भिंग लावलं आणि घडाघडा वाचलं, 'येथे दाढी सुबक होते.'

केवढा गवगवा झाला! संग्रहालयाच्या संचालकबाईंनी स्वतः चहा पाजला, पुस्तक छापायचं कबूल केलं. साहेबाला आपली लिपी येत होती! म्हणजे तो इथे आला होता, आपल्यात उठला-बसला होता. चौक रस्त्याखाली गेला, पण माडीचं घर अजून उभं आहे. तिथेच त्याचा मुक्काम. कंपोझिटरच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात तो 'राहिला असावा', तिसऱ्यात 'राहिला असणार', आणि पाचव्यात खुशाल 'राहत होता'. शेवटी ठोकून दिलं होतं, 'निर्विवाद'.

पुस्तक छापून झालं, बांधणीला गेलं. त्या आठवड्यात तो आरशासमोर दाढी करत होता. मागच्या भिंतीवर त्या चित्राची मोठी प्रत, शेजारी कॅलेंडर. आरशात कॅलेंडरचे आकडे उलटे दिसत होते, दिसायचेच. चित्रातली पाटी मात्र सरळ दिसत होती.

हात गालावरच थांबला. त्याने वळून चित्राकडे पाहिलं. तिथेही पाटी वाचता येत होती, तितक्याच सहज. त्याच्या डोळ्यांना उलटं-सुलटं एकच झालेलं. त्याने बायकोला हाक मारली.

"ही पाटी वाच."

"काय वाचू? फराटे आहेत."

"आता आरशात."

"येथे दाढी... अगोबाई! आणि तुमचा डावखुरा न्हावी उजव्या हाताचा झाला की हो!" ती खळखळून हसली. मग तिने नवऱ्याचं फेसाळलेलं तोंड पाहिलं आणि टॉवेल पुढे केला.

काही विचारायला उरलंच नव्हतं. त्या काळी फिरते फोटोवाले आपले चौक काचेवर उतरवून परदेशात विकायचे. साहेबाने तसली काच घेतली, उलटी लावली आणि कॅनव्हासवर गिरवली. ज्याला लिपी येते तो पाटी उलटी काढत नाही. उलटी काढून ज्याला पत्ताही लागत नाही, त्याला ते फराटेच वाटत असतात. घरबसल्या गिरवलं होतं बेट्याने. आपला चौक, आपली माणसं, सगळं.

कंपोझिटर तसाच संचालकबाईंकडे गेला.

"काका, प्रकाशनाची निमंत्रणं गेलीत. माडीच्या घरावर संगमरवरी पाटी बसलीय."

"पण तो आलाच नव्हता, बाई."

"आला नव्हता याचा पुरावा आहे?"

"आला होता याचा तरी कुठे आहे?"

"मग झालं तर! दोन्हीकडून सारखंच. लोकांना आवडलाय तो, काका. आपल्यात राहिलेला एक तरी साहेब मिळालाय त्यांना. कशाला हिसकावून घेता?"

"निदान शेवटी एक पान जोडा. खरं काय ते मी लिहून देतो."

"बांधणी झाली. आता कुठे जोडणार?"

"मग माझं नाव काढा!"

आता बाई हादरतील, असं त्याला वाटलं होतं. बाईंनी सुस्कारा सोडला, सुटल्याचा. "तुमची इच्छा."

शेवटी पान जोडता येत नव्हतं, पहिलं मात्र लगेच बदललं.

पुढे एकदा तो माडीच्या घरावरून जात होता. एक शिक्षिका शाळेच्या मुलांना संगमरवरी पाटी दाखवत होती. "या खिडकीत बसून त्यांनी आपला चौक रंगवला. आपल्यावर फार जीव होता त्यांचा."

"नव्हता," कंपोझिटर म्हणाला. "तो इथे आलाच नव्हता. काच गिरवली त्याने."

मुलं खिदळली. शिक्षिका मात्र चांगली होती, हसली नाही. "तुम्हाला कसं माहीत, आजोबा?"

"ते पुस्तक मीच लिहिलंय."

तिने पिशवीतून पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं, लेखकाचं नाव शोधत बोट फिरवलं; तिथे फक्त संग्रहालयाचं नाव होतं. मग त्याला आणखीच गोड आवाजात म्हणाली, "हे वाचा तुम्ही, आजोबा. सगळं नीट दिलंय यात. निर्विवाद आहे म्हणे."

नाव काढून घेतलं नसतं, तर निदान खोटारडा तरी ठरला असता. तेवढंही आता त्याच्या वाट्याला नव्हतं. मुलांची रांग त्याला वळसा घालून पुढे गेली.