पुलाच्या अलीकडे

विनोदिनीबाई गेल्या त्याला आज नववा दिवस, आणि त्यांच्या एकुलत्या मुलाच्या, आल्हादच्या डोळ्यांतून अजून टिपूस गळलं नव्हतं. लोक म्हणत होते, पोरगा घट्ट आहे हो. घट्ट कसला! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो, तसा तो आतून बधिर झाला होता. चहात साखर आहे की नाही, हेही त्याला कळत नव्हतं.

बाई मुलखाच्या भटक्या. सकाळी स्वयंपाक उरकायचा, देवास गेटचा बसस्टँड गाठायचा आणि ज्या बसची खिडकी रिकामी दिसेल तिच्यात बसायचं. एकदा महेश्वरला म्हणून निघाल्या त्या शाजापूरला पोचल्या, तरी पिशवीभर संत्री घेऊन हसत परत आल्या. "अगं आई, शेवटची गाडी चुकली असती तर?" असं आल्हादने विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढचं पुढे बघू."

आल्हाद फ्रीगंजच्या बँकेत. त्याला भाजी आणायलाही यादी लागे. गेल्या दिवाळीत बाई म्हणाल्या होत्या, "चल रे एकदा माझ्यासोबत. बस लगी है, बैठ गए, इतकंच तर करायचंय." तो म्हणाला, "मार्चनंतर बघू आई, पहले ढंग से प्लॅन करू." जानेवारीतच बाई निघून गेल्या, त्याही न सांगता.

गावातली शिप्रा नदी काय, रोजचीच, मला नर्मदेला ने, असं त्या कधीतरी थट्टेत बोलून गेल्या होत्या. निदान ही एक सहल तरी आपल्या हातून नीट व्हावी, एवढंच आता आल्हादला हवं होतं. म्हणून त्याने ओंकारेश्वरसाठी टॅक्सी ठरवली, वेळ लिहून ठेवली. सकाळी ड्रायव्हरचा फोन बंद. शेवटी लाल कपड्यात बांधलेला अस्थिकलश पिशवीत घालून गडी देवास गेटवर आला आणि इंदूरच्या बसमध्ये बसला. तिथून पुढे दुसरी गाडी मिळणार होती.

दिवसकार्य करणाऱ्या सुधाकर गुरुजींनी बजावून ठेवलं होतं, "कलश जमिनीला टेकवायचा नाही. आणि पूल आला की मोठ्याने सांगायचं, आई, पूल आला, चल. नाही सांगितलं तर जीव अलीकडेच राहतो, भाऊ."

शिप्रेवरचा त्रिवेणीचा पूल दिसला. आल्हादने तोंड उघडलं. शेजारचा माणूस मोबाईलवर क्रिकेट बघत होता, मागे दोन बायका लग्नाच्या साड्यांवर बोलत होत्या. एवढ्या लोकांत मांडीवरच्या पिशवीशी बोलायचं? जीभ उचललीच नाही. बसने पूल ओलांडला.

खुळचट समजुती आहेत, असं त्याने स्वतःला सुनावलं. पण पुलाच्या अलीकडे पेरूची हातगाडी उभी होती, आणि आई राहिलीच असेल तर नेमकी तिथेच उभी असेल, हे त्याला लख्ख दिसलं.

"भैया, रोकना! रोको!"

कंडक्टर वैतागला. "अभी तो बैठे थे! टिकट इंदौर का है आपका."

"माँ पीछे रह गई."

कंडक्टरची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या लाल कपड्यावर गेली. त्याने शिट्टी मारली. "जाओ, ले आओ."

ट्रकांची धूळ खात आल्हाद पूल उलटा चालून गेला. पेरूवाल्याने न विचारता एक पेरू चिरला, मीठ-तिखट लावून हातावर ठेवला. आल्हादने चावा घेतला. तिखट झोंबलं. नऊ दिवसांत त्याला लागलेली ही पहिली चव. मग डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते काही तिखटाचं नव्हतं.

"आई, पूल आला," तो मोठ्याने म्हणाला. "मार्च लागायचाय अजून. पण तू चल."

पेरूवाला दुसरीकडे बघू लागला. आल्हाद पिशवी छातीशी धरून पुलाच्या पलीकडे आला. तेवढ्यात एक खटारा मिनीबस थांबली.

"सांवेर तक ही जाएगी," पोऱ्यासारखा दिसणारा कंडक्टर ओरडला. "आगे का देख लेना!"

आल्हादने आत डोकावलं. एका बाकाची खिडकी रिकामी होती. त्याने पिशवी खिडकीशी नीट बसवली, आपण कडेला टेकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सांवेरपर्यंतच आहे गं ही. पुढचं पुढे बघू."