भरतीच्या पोरांची खोली

मनुबाईनं साताऱ्यातली खोली भरायला घेतली तेव्हा सगळ्यांत आधी मीठ आत नेलं. नव्या घरात पहिलं मीठ जावं, मग पाण्यानं भरलेली कळशी, मग बाकीचं. तिच्या सासूनं असंच केलं होतं, तिच्या आईनंही. म्हणून गावातल्या दादासोची पिकअप खाली उभी असताना, डबे-बोचकी तशीच ठेवून, ती मिठाची पुडी पदरात धरून तीन जिने चढली.

तसा तो दोन खोल्यांचा फ्लॅट होता. पण तिचा नवरा सुभेदार लालासाहेब त्याला खोलीच म्हणायचा, म्हणून तीही खोलीच म्हणायची. लालासाहेब तरुणपणी आष्ट्याहून साताऱ्याला भरतीला आला होता, तेव्हा त्यानं आणि त्याच्या आईनं एका बंद दुकानाच्या पायरीवर रात्र काढली होती. सकाळी पाय आखडले आणि धावताना तो मागं पडला. दुसऱ्या खेपेला लागला, ते सुभेदार होऊनच परतला. निवृत्तीनंतर त्यानं हट्टानं साताऱ्यातच जागा घेतली. पुष्कळ वर्षं तिथं भाडेकरू होते. शेवटच्या दुखण्यात तो बायकोला आणि एकुलत्या लेकीला म्हणाला, "आता कुणाला भाड्यानं देऊ नगा. भरतीला आपल्याकडची पोरं येत्यात, त्यांच्या आया येत्यात. त्यास्नी पाठ टेकायला ऱ्हाऊ दे."

लेक प्रियदर्शनी त्याचा हात हातात घेऊन बसली होती. "व्हय आबा. शब्द दिला," म्हणाली.

तो गेल्यावर मनुबाईनं जागा लेकीच्या नावावर करून दिली. लेक साताऱ्यात नांदत होती, आपण आष्ट्यात. लाइट, पाणी, सोसायटीची कटकट तिकडून कोण बघणार? आणि आईनं लेकीच्या नावावर केलं म्हणजे काय परक्याला दिलं?

खोली लावायला चार दिवस लागले. मनुबाईच्या आयुष्यात नवरा गेल्यानंतर इतके चांगले दिवस आले नव्हते. रोज सकाळी प्रियदर्शनी स्कूटीवर यायची, मायलेकी जमिनीवर फतकल मारून सामान उघडायच्या आणि बोलत बसायच्या.

"आई, एवढं शाळूचं पीठ? जाळी धरंल त्याला."

"धरू दे. मी हाय की चाळायला. पळणारी पोरं भाकरी खात्यात, बिस्किटं न्हाई."

"आन् ह्या पिना? दुकान टाकतीयास काय?"

"छातीवर नंबर लावत्यात गं. ऐन वक्ताला पिन नसली की घोड्यागत पोरगं रडकुंडीला येतंय. तुझ्या बापानं बाभळीचा काटा टोचून नंबर लावलता."

प्रियदर्शनी हसत सुटली. मग सुई-दोरा निघाला, खोबरेल तेल निघालं, शेंगदाणे आणि गूळ निघाला, लोखंडी तवा, परात, कांदा-लसणाची चटणी भरलेली बरणी. सहा वाकळा निघाल्या. त्या मनुबाईनं आणि शेजारच्या हरणाबाईनं उन्हाळाभर बसून शिवल्या होत्या. हरणाबाईचा पोरगा शिवतेज भरतीची तयारी करत होता. "तुमचं पोरगंच पहिलं झोपंल ह्या वाकळंत," असं मनुबाई तिला म्हणाली होती, आणि हरणाबाईनं त्यावर टाके आणखी जवळ घातले होते.

शेवटी पितळी घंगाळ निघालं.

"अगं, हे तर आबांचं!"

"मग? घरात ठेवून कुणाची आंघूळ काढू त्यात? पळून आल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकायचं आन् पाय सोडून बसायचं. फोड बसत्यात."

भांड्यांवर नाव घालायचं तेवढं राहिलं. सुभेदार लालासाहेबांच्या स्मरणार्थ, असं प्रत्येक ताटावर आणि तांब्यावर यावं, ही मनुबाईची फार इच्छा. आपल्याकडं भांडं देताना नाव घालूनच देतात. पण प्रियदर्शनी म्हणाली, "नको गं. आता कोण घालतंय नावं? पुन्हा कवातरी बघू." मनुबाईला वाटलं, शहरात राहून पोरीची आवड बदलली. तिनं ताणलं नाही.

निघायच्या दिवशी लेकीनं तिला वाकळेवर बसवलं. "पदर घे डोक्यावर. परात पुढं घे. हां, आता हस."

"कशाला गं सोंगं?"

"असू दे की. आठवण."

मनुबाई हसली. पडलेला दात दिसू नये म्हणून ओठ मिटायला गेली, तर लेकच म्हणाली, "न्हाई न्हाई, दात दिसू दे, तसंच ग्वाड दिसतंय."

आष्ट्याला परत आल्यावर मनुबाईनं पारावर, पिठाच्या गिरणीत, दूध घालायला गेली की डेअरीवर, सगळीकडं सांगितलं. साताऱ्याला कुणाचं पोरगं भरतीला जाणार असलं तर बिनघोर जा. सुभेदारांची खोली आहे, ताटापासून उशीपर्यंत सगळं आहे. पुढच्या खेपेसाठी दोन आयांनी आत्ताच सांगून ठेवलं.

पावसाळा सरता सरता भरती निघाली, ती साताऱ्यालाच. शिवतेज ॲकॅडमीच्या पोरांबरोबर परस्पर यायचा होता आणि आईनं आधी जाऊन भाकरी करून ठेवायची होती. हरणाबाई जन्मात कऱ्हाडच्या पुढं गेली नव्हती, म्हणून मनुबाई सोबत निघाली. लेकीला दोनदा फोन लावला, तिनं उचलला नाही. कामात असेल. आणि आपल्याच खोलीवर जायला वर्दी ती कशाला द्यायची?

दुपार कलली तेव्हा दोघी तीन जिने चढून दारापाशी आल्या. मनुबाईनं कमरेची किल्ली काढली, तर दाराला किल्लीचं भोकच नव्हतं. तिथं आकड्यांची काळी पट्टी बसवली होती. आतून गाण्याचा आवाज येत होता.

"मजला चुकला जणू," हरणाबाई म्हणाली.

मनुबाईनं बेल दाबली. ओल्या केसांच्या एका मुलीनं दार उघडलं. विशीतली असेल. तिनं मनुबाईकडं बघितलं आणि एकदम टाळीच वाजवली.

"अय्या! तुम्ही फोटोतल्या आजी ना? अरे, इकडं या सगळे, आजी आल्यात!"

आतून आणखी चौघं आली. पुण्याची होती, कासची फुलं बघायला आलेली. चांगल्या घरातली, बोलायला गोड पोरं. त्यांनी दोघींना हाताला धरून आत घेतलं. मुलीनं फोन पुढं केला. फोनवर मनुबाई होती: डोक्यावर पदर, पुढ्यात परात, पडलेल्या दातासकट हसणारी. मुलगी वाचायला लागली, "'आजीच्या मायेचं घर. कासपासून जवळ. इथली प्रत्येक वस्तू आजीनं स्वतःच्या हातानं तुमच्यासाठी मांडली आहे.' आम्ही तर फोटो बघूनच बुक केलं आजी. बाकी सगळी घरं सारखीच असतात हो. पांढऱ्या चादरी आणि चहाच्या पुड्या."

मनुबाई ऐकत होती आणि बघत होती. समोरच्या भिंतीवर चार खिळे ठोकून एक वाकळ टांगली होती. हरणाबाई तिच्याजवळ गेली आणि तिनं कडेवरून बोट फिरवलं. शाळूचं पीठ ज्या डब्यात भरलं होतं, त्यात वाळलेल्या गवताचे तुरे उभे केले होते. आणि खोलीच्या मधोमध घंगाळ होतं. त्यात बर्फ होता, बर्फात बाटल्या होत्या.

"हे तर कमाल आहे," मुलगी म्हणाली. "एवढं मोठं, आणि पितळेचं! बर्फासाठीच ठेवलंय ना?"

"व्हय," मनुबाई म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? पोरं पाव्हणी होती, त्यांनी काही बिघडवलं नव्हतं.

"आजी, राग मानू नका, पण जास्तीचे दोन टॉवेल मिळतील?"

"पाठवते बाळ," मनुबाई म्हणाली. "बसा तुमी. फुलं बगा निवांत."

जिन्यात आल्यावर तिनं कठड्याला धरलं. हरणाबाई एक पायरी खाली थांबली. तिच्या पिशवीत पोरासाठी घरून आणलेलं लोणी होतं, ती पिशवी तिनं उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"आक्का, कायतरी घोटाळा झाला आसंल वो. आन् झाला तर झाला. आमी देवळात ऱ्हातो. आमास्नी काय गादी लागती व्हय?"

या बोलण्यानं मनुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरणाबाईनं तोंडावर विचारलं असतं, की उन्हाळाभर मला टाके घालायला बसवलंस ते याच्यासाठी का, तर बरं वाटलं असतं.

आता मात्र लेकीनं फोन उचलला. पाव तासात स्कूटी खाली आली.

"आई! न सांगता कशी काय आलीस?"

"भरती हाय."

प्रियदर्शनीचं तोंड उतरलं. तिनं हेल्मेट काढलं, पुन्हा घातल्यासारखं केलं आणि शेवटी हातात धरून उभी राहिली. "मला वाटलं पुढच्या म्हयन्यात हाय. आई, तू आधी ऐकून घे. भरती कवातरी येती. बाकी वर्षभर कुलूप घालून ठेवायचं का जागेला? हे दोन म्हयने कासला लोक येतात, तेवढंच. मी तुला सांगणारच हुते."

"इचारलं आसतंस तर मी न्हाई म्हणाले आसते व्हय? म्हणाले आसते, दे बाई पाव्हण्यांना, भरतीपुरती मोकळी ठेव."

"मग झालं तर! पुढच्या वर्षी तसंच करू की."

"पुढचं ऱ्हाऊ दे." मनुबाईचा आवाज चढला नव्हता. "मला एक सांग. मी वर बसून पीठ भरत हुते, पिना मांडत हुते. तवा तुझं ठरलं हुतं का नंतर ठरलं?"

प्रियदर्शनी स्कूटीच्या आरशात बघत राहिली.

"आता त्याचं काय, आई..."

"ठरलं हुतं का?"

"फोटो त्याच्यासाठीच काढला हुता."

"मग मला थांबवली का न्हाईस?"

"तू लय खूश हुतीस." मग खरं ते सांगून मोकळं व्हावं तशी ती म्हणाली, "आणि तू लावलेलं घर खरं दिसत हुतं गं. दुकानातनं आणून तसं दिसत न्हाई. मी केलं आसतं तर दिसलं नसतं तसं."

जागा गेली याचं दुःख मनुबाईला झेपलं असतं. जागा लेकीचीच होती. पण ते चार दिवस तिनं आष्ट्याला जाऊन शंभरदा आठवले होते. एकटी जेवायला बसली की आठवले होते. लेक पिना बघून हसली होती, घंगाळ बघून डोळे पुसले होते, पुढं काय, आणि ते कशासाठी, असं विचारत बसली होती. विचारणारीला सगळं आधीच माहीत होतं. हिनं बापाला दिलेला शब्द मोडला, तो मोडला. पण ते चार दिवसही आता मनुबाईचे राहिले नव्हते.

"हरणाबाई, तुमी हिच्या घरी जावा," ती म्हणाली.

"आन् तुमी?"

"मला गाडी हाय आष्ट्याची."

"आक्का, तुमी न्हाई तर मी बी न्हाई."

"उगा नखरं नगं. पोराला उद्या पळायचं हाय. त्याला आज झोप पायजे. त्यानं काय वंगाळ केलंय कुणाचं?" मग ती लेकीकडं वळली. "शब्द तू दिलतास. आजच्या दिस तरी पाळ. दोन भाकरी जादा कर, आन् पोराला लवकर निजव. टीव्ही लावू नगं."

"आई, असं परक्यासारखं नको ना करू. चल घरी. मी चुकले म्हणते की!" प्रियदर्शनी आता रडत होती. रडणंही खरंच होतं, मनुबाईला ते दिसत होतं. पण ते खरं मानायचं की नाही, हे ठरवायला तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

"वर दोन टॉवेल पायजेत त्यास्नी," ती म्हणाली. "तेवढं देऊन जा."

स्टँडवर आष्ट्यावरून जाणारी सांगलीची गाडी लागलेलीच होती. मनुबाई खिडकीपाशी बसली. उद्या डेअरीवर त्या दोन आया भेटतील, विचारतील. खोली नाही, एवढं सांगायचं. का नाही, ते सांगायचं नाही. लेकीची गोष्ट अशी चव्हाट्यावर न्यायची तिची हिंमत नव्हती, आणि खोटं बोलायचीही सवय नव्हती.

गाडी हलता हलता एक बाई धापा टाकत चढली आणि शेजारी टेकली. कऱ्हाडला जायची होती. पदरानं वारा घेत तिनं मनुबाईला नीट न्याहाळलं.

"लेकीकडं आलतासा व्हय?"

"व्हय."

"चांगली हाय न्हवं लेक? आईला बगती न्हवं?"

मनुबाई बाहेर बघत होती.

"बोलती लय ग्वाड," ती म्हणाली.

"आवं, नशीब लागतंय त्याला बी!" बाई म्हणाली, आणि सीटवर मांडी घालून स्वतःच्या लेकीचं सांगायला लागली. मनुबाई कऱ्हाड येईपर्यंत हुं हुं करत राहिली.