घोरण्याची तक्रार

"जरा घोरून दाखवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

काटेवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्यात गुंतली होती. प्रयोगशाळांतले, औषधांच्या कारखान्यांतले नाजूक वजनकाटे दुरुस्त करणारा हा सेहेचाळीस वर्षांचा माणूस. सगळे त्याला काटेवालाच म्हणत. त्याने घसा खाकरला, डोळे मिटले आणि घोरून दाखवलं. पाच महिन्यांचा सराव होता. आवाज बरा निघाला.

"रोज असंच?"

"रोज," बायको म्हणाली. "पाठ टेकायचा अवकाश." मग ती उठली. "मी बाहेर बसते. यांना सगळं नीट विचारा हं, डॉक्टर. सगळं."

दार लागलं.

पाच महिन्यांपूर्वी कंपनीत बातमी फुटली होती, की दुरुस्ती विभाग बंद करायचा घाट घातलाय. त्याच आठवड्यात एकदा बायकोच्या जवळ असताना शरीराने ऐनवेळी पाठ फिरवली. "होतं असं कधीतरी," म्हणून ती झोपलीसुद्धा. पण पुढच्या खेपेला तो स्वतःवरच डोळा ठेवून होता. होतंय का, टिकतंय का. आणि काही झालं नाही ते नाहीच. काट्यापाशी कुणी वाकून उभं राहिलं तर त्याच्या श्वासानेही आकडा हलतो, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. स्वतःला सांगायचं मात्र राहून गेलं.

मग त्याने तिचा हात धरणं सोडलं. पाय दाबून देणं, जाता-येता पाठीवर थाप मारणं, सगळंच. कुठल्या स्पर्शाची परीक्षा होईल, नेम नव्हता. आणि अंथरुणात तिचा हात दंडावर आला, की तो घोरायला लागायचा.

"झोप लागते का?" डॉक्टर विचारत होते.

"घोरतो म्हणजे लागत असणारच."

"मी तुम्हाला विचारतोय."

काटेवाल्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला. सवयीने हातात तोलला. जागेवर ठेवला.

"डॉक्टर, ते घोरणं खोटं आहे."

डॉक्टरांना एकाएकी खोकला आला. तो बराच वेळ चालला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि काटेवाल्याने पाच महिने तोंडाला लावलेलं कुलूप उघडलं. डॉक्टरांनी मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले, तेही सर्दीपडशाचे विचारावेत तसे.

"सकाळी जाग येते तेव्हा?"

"तेव्हा... असतं सगळं ठीक."

"एकटे असताना?"

"तेव्हाही."

"मग बहुतेक भीतीचंच काम आहे. घाबरलेलं शरीर पळायची तयारी करतं. त्या वेळी त्याला दुसरं काही सुचत नाही. तरी साखर आणि रक्तदाब बघून घेऊ. कधीकधी मेख तिथेही असते."

"गोळी वगैरे?"

"लागली तर देऊ. आधी महिनाभर बंदी. प्रयत्न करायचाच नाही. जवळ बसा, हात धरा, पण परीक्षा नाही. आणि बायकोला सांगा."

"तिला वाटतंय मी घोरतो."

"असं?" डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

बाहेर बाकावर बायको एक बूट काढून टाच चोळत बसली होती. तो शेजारी टेकला.

"काय म्हणाले घोरण्याचं?"

"अगं, मी घोरत नाही."

"माहितेय."

"कधीपासून?"

"पहिल्या रात्रीपासून. झोपलेला माणूस बायको खोकली की घोरायचं थांबून कानोसा घेत नाही."

काटेवाल्याचे कान तापले. "मग इथे कशाला आणलंस?"

"सोळा वर्षं दातांच्या दवाखान्यात फोन घेतेय मी. दाढ ठणकत असते, पण पुरुष काय म्हणून नाव नोंदवतो? नुसते दात साफ करायचेत! एकदा खुर्चीत बसला, की बोट आपोआप दाढेवर जातं." तिने बूट चढवला. बंद बांधायला मात्र वाकली नाही. "मला वाटलं, मी आवडेनाशी झाले असेन. मग तेही डॉक्टरांनीच काढून घेतलेलं बरं."

"तू वेडी आहेस का?"

आवाज चढला. समोर बसलेल्या दोघांनी माना वळवल्या. काटेवाला खाली वाकला, तिच्या बुटाचा बंद बांधू लागला आणि वाकल्या वाकल्याच त्याने सगळं सांगितलं. कंपनीचं, भीतीचं, महिन्याच्या बंदीचं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच म्हणाली, "गाठ सैल करा, पाऊल सुजेल."

गाठ सैल करून तो पुन्हा शेजारी टेकला.

"हात लावायची बंदी नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं झालं. केस रंगवायचेत. मागचं मला दिसत नाही, पाच महिने नुसतं अंदाजपंचे चाललंय."

दुपारी स्वयंपाकघरात ती स्टुलावर बसली, खांद्यावर जुना टॉवेल घेऊन. तो वाटी आणि ब्रश घेऊन मागे उभा राहिला. कंगव्याच्या टोकाने त्याने भांग पाडला, एकेक बट उचलली. डाव्या कानामागे एक पांढरा पट्टा तसाच राहून गेला होता, चांगला दोन बोटं रुंद. त्यावरून त्याने आधी नुसता अंगठा फिरवला. मग रंग लावला.

हळूहळू तिचं डोकं मागे आलं आणि त्याच्या पोटावर टेकलं. शर्टावर काळा डाग पडला. तो मागे सरकला नाही.

"झालं का हो?"

ब्रश केव्हाच वाटीत ठेवला होता. त्याची बोटं तिच्या कपाळावर होती.

"थोडं राहिलंय," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले नाहीत.