आधी तारीख, मग महिना

"आई, तुझी झग्याची फाइल आत्ता पुसून टाकली तर चालेल?"

प्रश्न विचारला भिंगरीने, पण तो तिच्या डोक्यातला नव्हता. लंबू आणि चष्मिस, तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी, तिला चढवून बसल्या होत्या. "एवढी फुशारकी मारतेस ना, मग विचारून दाखव." भिंगरीने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवरच्या कामाची रोज एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. सोमवारपासून तो शाळेच्या ऑफिसातही चालू होणार होता, त्यामुळे भिंगरीबाईंचे पाय सध्या जमिनीवर नव्हते.

आई नाटकवाल्यांसाठी कपडे बेतायची, त्यांची रेखाटनं कॉम्प्युटरवर करायची. कापडावरून नजर न उचलता ती म्हणाली, "पूस बाई. पण राणीचा झगा उद्या कापायचाय. परत आण म्हणजे झालं."

भिंगरीने फाइल पुसली. वर ऐटीत कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली. मग दुसरी डिस्क उघडली आणि प्रतींच्या तारखा वाचल्या.

पाचही प्रती मागच्या महिन्याच्या. शेवटची एकतीस तारखेची. आज तीन.

"खाली असेल गं," चष्मिस कुजबुजली.

खाली काही नव्हतं. भिंगरीने यादी पुन्हा वरपासून तपासली. मागे आईची कात्री चालू होती. ती थांबली की काय सांगायचं?

मूळ प्रोग्रॅम साधा होता. प्रतीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. प्रती पाचाच्या वर गेल्या की नावांच्या क्रमात पहिली असेल ती सगळ्यात जुनी समजून काढून टाकायची. लंबू म्हणाली, आपण बोलतो तशी आधी तारीख हवी. चष्मिसला बारा तासांचं घड्याळ हवं होतं, बाबांना वार. भिंगरीला कुणाला नाही म्हणवेना. प्रत्येकाच्या हौसेला एक बटण जोडत गेली, आणि घरी प्रोग्रॅम बसवताना लंबूचं बटण दाबून मोकळी झाली.

नवा महिना लागला आणि एक तारीख सत्तावीसच्या आधी जाऊन बसली. प्रोग्रॅम रोज ताजी प्रत घ्यायचा आणि जुनी म्हणून लगेच तीच फेकायचा.

कात्री थांबली. "आली का गं?"

"एकतीसपर्यंतची आली."

"आणि बाह्या? गळा?"

भिंगरीने नाही म्हणून मान हलवली. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून पडद्यावरचा बिनबाह्यांचा अर्धा झगा बघायला आली.

"मापं डोक्यात आहेत अजून," शेवटी आई म्हणाली. "मोठा कागद आण. लंबू, तू पट्टी धर. पळायचं नाही कुणी."

बाबा कामावरून आले तेव्हा चौघी जमिनीवर कागद पसरून बसल्या होत्या. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग ते एक बटण दुरुस्त कर की. सोमवारला वेळ आहे."

"तेवढं होईल दुरुस्त." भिंगरी म्हणाली. "पण बाकीच्या बटणांत काय दडलंय, मला नाही माहीत. आणि शाळेत सगळ्यांचे गुण असणार त्यात. आई, बाबा, मी सगळी बटणं काढणार आहे. तुमचा वारसुद्धा, बाबा. आणि सोमवारी प्रोग्रॅम मिळणार नाही, हे उद्या मोठ्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगणार आहे."